दोन मिनिटं स्तब्ध

घडडड घडडड! तो आवाज ऐकून किती वर्षं लोटली, तरी कानातून जात नाही. त्याच्यापायी चारचौघांत माझी जी शोभा झाली, ती कुठल्या तोंडाने सांगू? बरं, चहा येईपर्यंत ऐका.

मी आणि दामू, दोघे मळवलीचे. विदर्भातल्या कोळशाच्या वीज केंद्रात आमचा जन्म गेला. तिथली मिल म्हणजे घराएवढं पिंप, आत लोखंडी गोळे. ते फिरायचं, कोळशाचं पीठ व्हायचं, ते बॉयलरमध्ये जळायचं. त्यावर वाफ, वाफेवर टर्बाइन, तेव्हा कुठे तुमच्या घरात दिवा!

पावसाळ्यात ओला कोळसा वरच्या नळात अडकायचा आणि मिल बंद पडायची. मग मी ओरडायचो, आणि दामू घणाने नळ ठोकायला पळायचा. ती घडडड थांबून शांतता झाली की समजायचं, मिल गप झाली!

गेल्या महिन्यात दामू गेला. खोकून खोकून गेला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी त्याची बायको म्हणाली, "आबा, ह्यांनी तितं काय काम केलं, नातवंडांना ठावं न्हाई. तुमी चार शब्द बोला."

"व्हय वहिनी," म्हटलं. जन्मात कधी माईक धरला नव्हता. धरला.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, "आधी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया." मांडवातले पंखेसुद्धा बंद केले. मी डोळे मिटले. आणि काय ती शांतता हो! मी थेट मिलपाशीच पोचलो.

"दामू! मिल गप झाली! घण घेऊन पळ!"

माईकमध्ये! सगळ्या मळवलीला ऐकू गेलं असेल.

मांडववाला मागून खरंच खुंट्या ठोकायचा घण घेऊन धावत आला. "आलो आबा! कुटं ठोकू?"

घण बघून एक बाई किंचाळली, "काय झालं वं?"

"सिलिंडर फुटतोय, पळा!" दुसरं कुणीतरी ओरडलं.

पळणाऱ्यांचे पाय दोरीत अडकले आणि अर्धा मांडव माणसांवर बसला. कापडाखालून कुणीतरी म्हणालं, "म्हातारं मेलेल्याला बी कामाला लावतंय!"

सगळं निस्तरल्यावर मी वहिनींपुढे उभा राहिलो. मान वर होईना.

"वहिनी, दामूचं काम हेच. मी ओरडायचो, तो त्या कोळशाच्या धुळीत शिरायचा. खोकला तिथलाच."

"आन् तुमी?"

"मी... बाहेर उभा राहून ऐकायचो."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. पदर सारखा केला आणि घराकडे चालू लागल्या.