काहिलीचा हात

गुळवे आप्पांचा उजवा हात उसाच्या रसाच्या उकळत्या कढईत, काहिलीत, जाऊन यायचा आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही. रसाचा गूळ कधी झाला हे ओळखणारा तो गुळव्या. बाकीचे गुळवेही काहिलीत हात घालतात, पण आधी गार पाण्यात बुडवून, चिमूटभर पाक उचलून, पापणी लवायच्या आत पुन्हा पाण्यात. आप्पांना घाई नसे. ते निवांत पाक उचलत, बादलीतल्या पाण्यात त्याची गोळी वळत, काहिलीच्या काठावर आपटून तिचा आवाज ऐकत आणि मग काहील उतरवायला सांगत.

गुऱ्हाळ आमचं होतं, भीमेच्या अलीकडे, दौंडच्या अंगाला. आप्पा पलीकडच्या वडगाव रासाईहून सायकलवर येत. पाहुणे आले की वडील त्यांना काकवी पाजायच्या आधी आप्पांचा हात दाखवत. शेजारच्या गुऱ्हाळावर यूपीहून आलेला एक कामगार मुद्दाम बघायला आला आणि ‘चाचा का हाथ लोहे का है’ असं सगळीकडे सांगत सुटला. आप्पा त्यावर खूश होते. म्हणायचे, “ह्यो हात आता माझा न्हाई, काहिलीचा हाय.” आम्ही पोरं हसायचो. ते वाक्य आता माझी पाठ सोडत नाही.

आप्पांची बिडी बोटांपर्यंत जळत यायची आणि कातडी करपल्याचा वास आम्हाला त्यांच्याआधी यायचा. कुणी ओरडलं तरच ते ती टाकत. हाताला फोड येत, त्यावर खोबरेल चोपडून पुन्हा कामाला लागत. कातडं म्हणजे वापरानं जाड होणारा कपडा, असं त्यांचं शास्त्र होतं. पुढे पुढे त्यांना शर्टाचं बटण लावता येईना. काकू रोज सकाळी बटणं लावून द्यायच्या आणि कुणी चिडवलं तर आप्पा विचारायचे, लग्न मग कशासाठी केलं? करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. वय झालं, असं सगळेच म्हणाले.

मी शिरूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पहिल्याच वर्षी ऊतींचा धडा आला. अभिस्तर ऊती अंग झाकते, संयोजी ऊती जोडून धरते, स्नायू ऊती हलवते, चेता ऊती बातमी आणते. पाठ केलेलं मी घडाघडा सांगितलं. मग वर्ग जागा राहावा म्हणून तव्याचं उदाहरण घेतलं. चटका कातडीला बसतो, चेता बातमी नेते, स्नायू हात मागे ओढतो. “आणि बातमी गेलीच नाही तर?” मी विचारलं. “मग हात तिथंच राहील की,” मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. खडू हातात तसाच राहिला. मला वर्ग दिसेनासा झाला. समोर काहील होती आणि तिच्यात आप्पांचा हात होता.

त्या रविवारी मी वडगावच्या आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, गुऱ्हाळावर घेऊन गेले. अंगावरचे चट्टे तपासायला त्या घरोघर हिंडायच्या, पण आप्पा त्यांना कधी घरी सापडलेच नव्हते. त्यांनी आप्पांची उजवी बाही वर सारली. दंडावर फिकट चट्टा होता. कोपराच्या आतली नस त्यांनी चाचपली आणि माझं बोट तिथं ठेवलं. नस दोरीइतकी जाड लागली. मग त्यांनी आप्पांना डोळे मिटायला सांगितलं. पेनाचं टोक लागेल तिथं बोट ठेवून दाखवायचं होतं. आप्पांना गंमत वाटली. ते डोळे मिटून, हसऱ्या तोंडानं बसले.

आशाताईंनी टोक मनगटाजवळ टेकवलं, मग तळव्यावर, मग करंगळीवर. आप्पा तसेच बसून होते.

“लावा की, ताई,” ते म्हणाले. “कवाधरनं डोळं मिटून बसलोय.”

पेन तेव्हाही त्यांच्या हातावरच होतं. वडिलांनी तोंड फिरवलं.

तो कुष्ठरोग होता. सरकारी डॉक्टरांनी नीट समजावलं की औषधानं रोग जाईल, औषध सुरू झालं की कुणाला लागण होणार नाही, पण मेलेली नस बहुधा परत जागी व्हायची नाही. वडिलांनी गावाला तेच सांगितलं आणि आप्पांशेजारी बसून जेवायचं सोडलं नाही. आप्पांनी गोळ्या नेमानं घेतल्या. रोग गेला. ज्या हाताला आम्ही इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या तो हात तेव्हा मरत होता, हे मात्र आमच्या मनात राहिलं.

बरं झाल्यावर ते एकदा गुऱ्हाळावर आले. लांबून बघा, असं वडिलांनी बजावलं होतं, तरी त्यांनी हात पाण्यात बुडवला आणि काहिलीवर धरला. वाफेत तो थांबला. पाक घट्ट होत चालला, सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. “भ्या वाटतंय,” आप्पा म्हणाले आणि हात मागे घेतला. ती काहील करपली. ते पुन्हा आले नाहीत.

शेवटचं मी त्यांना वडगावला भेटले. अंगणात बसले होते, उजवा हात डाव्या हातात धरून. झोपलेलं मूल सांभाळावं तसा.

“पोरी, तू शिकलीयास. ह्यो हात कवा गेला सांग. कंचा गूळ माझा व्हता आन् कंचा त्या रोगाचा?”

मी म्हणाले, आप्पा, गोळीचा आवाज तर तुमच्या कानानं ओळखला ना.

“आवाज कुनीबी ऐकतंय,” ते म्हणाले.

पुढच्या हंगामात, गुऱ्हाळं धडाक्यात चालू असताना आप्पा गेले. काकूंनी शेवटचं त्यांच्या शर्टाचं बटण लावलं.

ऊतींचा धडा दर वर्षी येतो. मी मुलांना डोळे मिटायला सांगते आणि पेनाचं टोक एकेकाच्या हातावर टेकवते. “लागलं, मॅडम,” असं ऐकू आलं की पुढे सरकते. एखादं पोर मुद्दाम खोडीनं गप्प बसतं, ओठ दाबून हसत. वर्ग खिदळतो. त्या पोराला माझा राग कळत नाही. मी पेन आणखी दाबते, पुन्हा दाबते, आणि ते लागलं म्हणेपर्यंत मला त्याचा चेहरा दिसत नाही. हसऱ्या तोंडानं डोळे मिटून बसलेले आप्पा दिसतात, मी कधी टोक लावते याची वाट बघत.