हाक ना बोंब

ही गोष्ट सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो, नाहीतर क्रिकेटकडे गाडी वळवायचो. काही आठवड्यांपूर्वी लिसीचा निरोप आला. लिसी सौदी अरेबियात, आमच्या तबूकच्या हॉस्पिटलमधली जुनी नर्स, मूळची केरळची, आता इंग्लंडात असते. मी मुलीकडे दम्मामला आलो आहे. चहा घेताना फोनवर तिचं हिंदी उमटलं : "डॉक्टरसाब, मेट्रन चली गई. नींद में." मी मुलीला सांगितलं. ती डबा भरता भरता म्हणाली, "कोण बाबा, ती होममेड दारूवाली?"

मुलगी तेव्हा शाळेत होती. तिच्यापर्यंतही हेच पोचलं होतं, आणि पोचू दिलं होतं मी. म्हणून हे लिहायला बसलो.

मिस जोन आमच्या मेट्रन होत्या. उंच, हडकुळ्या, बुटांचा आवाज न करता चालणाऱ्या. मी प्रयोगशाळेचा डॉक्टर. सकाळी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "डॉक्टर, रिपोर्ट आज दिलात तर मी आभार मानीन. काल दिला असतात तर पेशंटनं मानले असते." तरुणपणी नोकरीला आल्या आणि तबूकच्याच झाल्या. लग्न केलं नाही. इंग्लंडात एक बहीण होती, तिच्याशी जेमतेम बोलणं. हॉस्पिटलच्या आवारातलं दोन खोल्यांचं क्वार्टर हेच त्यांचं घर, आणि त्या घरात वर्ष सरकायचं ते त्यांच्या सणांवर. ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस लागण्याआधीच्या मंगळवारी पॅनकेक. नर्सा तवे हातात घेऊन, पॅनकेक उडवत व्हरांड्यात शर्यत लावायच्या. माझी बायको सुमन लिंबू-साखर लावून खाताना म्हणाली होती, "अहो, हे तर आपलं घावन! उगीच पळवतायत बिचाऱ्याला." गुड फ्रायडेला वर क्रूस काढलेले गोड पाव. मिस जोन हसून म्हणायच्या, "इथं शुक्रवार सुट्टीचा, म्हणून आमच्या सगळ्या सणांत हक्काची सुट्टी एकालाच, तोही सुतकाचा." ख्रिसमसला वॉर्डात ड्यूटी, मग घरी सगळ्यांच्या डोक्यावर रंगीत कागदाचे मुकुट, टकल्या सर्जनच्याही. आणि पुडिंग. त्याची तयारी नोव्हेंबरातच सुरू व्हायची. काचेच्या मोठ्या बरणीत मनुका, अंजीर, खजूर घालून वर कडक काळा चहा आणि संत्र्याचा रस. त्यांच्या आईकडे ब्रँडी असायची, इथं चहा. प्रत्येक पाहुण्यानं मनात इच्छा धरून ते मिश्रण एकदा ढवळायचं. मीही दर वर्षी ढवळत आलो होतो. त्या बरणीत काय होतं हे मला माझ्या हाताइतकं ठाऊक होतं.

तेव्हा हे सगळं चार भिंतींच्या आत चालायचं; सौदीत दारूला बंदी होतीच, दुसऱ्या धर्मांचे सणही उघड करता येत नसत. त्यांचा एकच नियम होता, "सगळं करायचं, आवाज नाही करायचा." तो त्यांनी कधी मोडला नाही. आज दम्मामच्या सुपरमार्केटात डिसेंबरमध्ये चकचकीत गोळे आणि प्लॅस्टिकची झाडं उघड मांडलेली असतात. मी तिथून ट्रॉली भरभर ढकलत पुढं जातो...

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची एक होळीही असे. काही शतकांपूर्वी कुणी दारूगोळा ठेवून त्यांची पार्लमेंट उडवायला निघाला होता. तो पकडला गेला, आणि तेव्हापासून दर वर्षी त्याचा पुतळा जाळतात. त्या वर्षी मिस जोननी आम्हाला पहिल्यांदाच त्या होळीला बोलावलं. ऑपरेशन थिएटरच्या फाटक्या हिरव्या कपड्यांत चिंध्या भरून लिसीनं पुतळा केला होता. मागच्या अंगणात, पत्र्याच्या अर्ध्या पिंपात, फळांच्या खोक्यांच्या फळ्या रचल्या होत्या. तबूकची थंडी, नुकताच पडलेला काळोख. पुतळ्यानं पेट घेतला, सगळे शहाण्यासारखे गप्प उभे होते, आणि मला चिपळूणजवळचं माझं गाव आठवलं. गावचा शिमगा सोडून किती वर्षं झाली होती! हात तोंडाशी कधी गेला ते कळलंच नाही. मी बोंब मारली. खणखणीत, तोंडावर उलटा हात आपटत. मिस जोन दचकल्या, मग खुदकन हसल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "डॉक्टर... हळू." तिथं थांबायला हवं होतं. पण शिमग्याला एक बोंब मारून कोण थांबतं? मी आणखी मारल्या. सुमन कोट ओढत होती, "अहो, गाव नाही हे!"

ज्याला शिमगा ठाऊक नाही त्याला ती बोंब कशी ऐकू येत असेल, याचा विचार मी नंतर फार केला. कुणीतरी मेल्यासारखी, नाहीतर जळत असल्यासारखी. आवाराचे पहारेकरी तसंच समजून धावत आले. त्यांची पावलं ऐकून मी सुमनचा हात धरून मागच्या फाटकातून बाहेर पडलो. ती म्हणाली, "थांबू या. निदान सांगू या." मी म्हणालो, "चल आधी." पहारेकऱ्यांना जळालेलं कुणी सापडलं नाही. सापडला विझत आलेला पुतळा, आणि स्वयंपाकघरात ती बरणी. फळं भिजून वर थोडा फेस आला होता. त्यांनी वास घेतला, एकमेकांकडे पाहिलं, आणि बरणी मोरीत ओतून दिली.

दोन-तीन दिवसांनी संचालकांनी मला बोलावलं. सभ्य माणूस होता, आधी कॉफी दिली. "तुम्ही तिथं होतात?" होतो, पण लवकर निघालो. "ओरडलं कोण?" ठाऊक नाही. "बरणीत काय होतं, डॉक्टर? तुम्ही प्रयोगशाळेचे, तुमचा शब्द मी मानीन." तपासायला काही उरलं नव्हतं. उरला होता तो माझा शब्दच. मी म्हणालो, "मी स्वयंपाकघरात गेलो नव्हतो." माझ्या इकाम्याचं, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण अडकलं होतं, मुलीची दहावी तोंडावर होती. कारणं खोटी नव्हती. फक्त पुरेशी नव्हती.

संचालकांनी माझं उत्तर कानावर घातलं तेव्हा मिस जोननी त्यांना सांगितलं, पार्टी माझी, आवाजही माझाच. हे लिसीनं मला सांगितलं तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली नाही. घरी सुमननं ऐकलं आणि पोळी लाटता लाटता थांबली. "बोंबललात तुम्ही, आणि भोगायचं तिनं?" पुढं ती त्यावर कधी बोलली नाही. मी बोलायला सांगितलंही नाही.

त्यांच्या पासपोर्टवर कायमच्या परतीचा शिक्का बसला. निरोप समारंभ झाला नाही. एका सकाळी क्वार्टरचं दार उघडं दिसलं, आत सफाईवाले होते. आयुष्य जिथं घालवलं तिथून त्या अशा गेल्या, हाक ना बोंब. शिमगा सरला, कवित्व मात्र उरलं. आमच्या मराठी मंडळींत, कुणाच्या घरच्या गणपतीच्या आरतीनंतरही, विषय निघायचा. "ती गोरी मेट्रन? गाळायची हो ती, घरीच!" सगळे हसायचे. मीही हसायचो. आज स्पष्ट लिहितो : त्या बरणीत चहा होता. चहा, संत्र्याचा रस आणि फळं.

इंग्लंडात त्यांना पुन्हा मेट्रनची नोकरी मिळाली नाही. काढून टाकल्याचं कारण कागदावर होतं. बहिणीनं काही महिने ठेवून घेतलं, मग भाड्याची एक खोली, शेवटी वृद्धाश्रम. लिसी अधूनमधून जायची. म्हणायची, मेट्रन आता कुठलाच सण करत नाहीत. आश्रमवाले ख्रिसमसला डोक्यावर कागदी मुकुट घालतात. त्या तो काढतात, नीट घडी करून ताटाखाली ठेवतात.

गेल्या ख्रिसमसला लिसीनं तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. सुमन आता नाही, मला थांबवणारं किंवा ढकलणारं कुणी नव्हतं. मी वाक्य तयार करून ठेवलं होतं, आंघोळ करताना मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं. पडद्यावर एक लहानसा पांढरा चेहरा आला. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "रिपोर्ट आणलात?" लिसी हसली. मी सुरुवात केली, "मेट्रन, त्या संध्याकाळी... तुमच्या अंगणात..."

त्यांनी चेहरा पडद्याजवळ आणला. मग अगदी मृदू आवाजात म्हणाल्या, "पण तुम्ही तर लवकर निघाला होतात ना?"

हे त्या विसरून म्हणाल्या, की माझी सुटका करायला म्हणाल्या, की मला अजून एक संधी देत होत्या... मला कळलं नाही. अजूनही कळत नाही.

मी म्हणालो, "हो."

त्यांनी मान हलवली, लिसीनं फोन आपल्याकडे वळवला, आणि तयार केलेलं ते वाक्य तिथंच राहिलं : बोंब माझी होती, मेट्रन. मला माफ करा.