आज तळ कुठं?

पुंडलिकनगरच्या पुढे जिथे आता चार मजली इमारती दाटल्या आहेत, तिथल्या माळावर एकेकाळी रामेश्वरच्या वडिलांची मेंढरं बसायची. त्याच माळावरच्या एका सोसायटीत रामेश्वर वॉचमन झाला. माणूस नियमाचा पक्का. चेअरमनच्या सख्ख्या मेव्हण्यालाही त्याने वहीत नाव लिहिल्याशिवाय आत सोडलं नव्हतं. बोलणी खाल्ली, पण हेका सोडला नाही.

वडिलांच्या माघारी मेंढरं विकली, तरी जीव तिथेच अडकलेला. म्हणून त्याने मोबाईलवर मेंढपाळांचा ग्रुप काढला. दुष्काळाची वर्षं होती. कुठल्या पाझर तलावात पाणी उरलंय, कुठल्या शिवारात चारा आहे, हे ज्याला कळेल त्याने ग्रुपवर बोलायचं. लिहिता येणारे थोडे, त्यामुळे सगळा कारभार आवाजावर.

तिथेच त्याला बन्सी भेटला. गंगापूरकडचा, बायकोपोरं आणि शंभरेक मेंढरं घेऊन फिरणारा. फोटो कधी लावला नाही, समोर कधी आला नाही. पण मेंढरं बसवली की रोज संध्याकाळी त्याचा आवाज यायचा, ‘भाऊ, आज तळ हितं पडलाय.’ मागे कोकरांचा कालवा, कुत्र्याचं भुंकणं, बायकोचं पोरांवर करवादणं. रामेश्वर केबिनमध्ये मोबाईल कानाला लावून बसायचा आणि गेटवर गाड्या हॉर्न वाजवत राहायच्या. त्या एका मिनिटात त्याला त्याचं सगळं लहानपण परत मिळायचं. दोन वर्षं अशी गेली. सख्ख्या भावाशी बोलला नसेल इतका तो बन्सीशी बोलला.

मग अजिनाथ नावाच्या एका मेंढपाळाची अकरा मेंढरं चोरीला गेली. त्याने तळाचा पत्ता ग्रुपवर सांगितला होता आणि चोर पिकअप घेऊन बरोबर तिथेच पोचले. ग्रुपात तीनशे माणसं, कोण कुठला, देव जाणे. रामेश्वरने त्याच दिवशी नियम केला: तळाचा आणि पाण्याचा ठावठिकाणा ग्रुपवर सांगायचा नाही. ज्याला हवा त्याने ओळखीच्या माणसाला फोन करावा.

बन्सीला ते रुचलं नाही. तळाचं एकवेळ ठीक, पण पाणी लपवायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. रामेश्वर म्हणे, जिथे पाणी तिथेच तळ, एवढं चोरालाही कळतं. खरं तर तेही खोटं नव्हतं. पुढे महिनाभर एकही मेंढरू चोरीला गेलं नाही.

मे महिन्यात ग्रुपातलीच सत्यभामाबाई, मागेपुढे कुणी नसलेली म्हातारी, आपली वीस मेंढरं घेऊन वेरूळकडच्या एका तलावावर गेली. तलाव आठवड्यापूर्वीच आटला होता. ग्रुपातल्या कितीतरी जणांना ते माहीत होतं, पण कुणी बोललं नाही. नियम होता ना! तिची सहा मेंढरं तहानेने मेली. त्या संध्याकाळी बन्सीने पाण्याच्या उरलेल्या सगळ्या जागा ग्रुपवर एकेक करून सांगितल्या. रामेश्वरने त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. दोन दिवसांनी परत घेऊ, असं त्याच्या मनात होतं.

बन्सीचा शेवटचा आवाज आला, तो एकट्या रामेश्वरसाठी. ‘भाऊ, पाणी म्हाईत असून सांगायचं नाय, हे माझ्या बापानं मला शिकवलं नाय. तुमच्या वडलांनी तुमाला शिकवलं असंल.’

बापाचं नाव निघाल्यावर रामेश्वर भडकला आणि बोलू नये ते बोलून बसला. राग उतरल्यावर फोन लावला, तर तो लागेना. आठवडाभर लावला, महिनाभर लावला. मग जुने आवाज ऐकण्यावर दिवस काढले. पुढे मोबाईल बिघडला आणि दुकानदाराने सांगितलं की आतलं काही वाचणार नाही. त्या दुकानाच्या पायरीवर बसून रामेश्वर चक्क रडला.

तीन वर्षांनी एका दुपारी सोसायटीसमोरून एक कळप चालला होता. रामेश्वर गेट उघडं टाकून धावला. पुढे एक पागोटंवाला मुकाट चालत होता. बन्सीचा चेहरा तर कधी पाहिलेला नाही, ओळखायचा तो आवाजावरूनच. तुम्हीच बन्सी का, हे सरळ विचारायला तोंड नव्हतं. पण माणूस बोलायला तर हवा.

‘पाव्हणं, आज तळ कुठं?’

त्याने रामेश्वरला, त्याच्या गणवेशाला, गळ्यातल्या शिट्टीला नीट न्याहाळलं.

‘आसं कुणाला सांगत नाय आमी.’

आवाज बन्सीचा नव्हता.

‘बराबर हाय,’ रामेश्वर म्हणाला, आणि शेवटचं कोकरू वळणापलीकडे जाईपर्यंत रस्त्यातच उभा राहिला.