कार्डावरची चोवीस तारीख

माझ्या बाळंतपणाची तारीख मी सांगितलीच नव्हती, ती सासूबाईंनी सांगितली. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात माझी चूक किती नि त्यांची किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डिसेंबरात, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपल्यावर, आम्ही दोघी केशोरीच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवायला गेलो. सिस्टरनं कोरं कार्ड पुढे ओढलं आणि विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती? पहिला दिवस सांगा."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "सप्टेंबरच्या चोवीस तारखेले. पित्रपाटात बाहेर बसली होती ना ते! सासऱ्याच्या तिथीचा सैपाक मोडक्या हातानं मले एकटीले करा लागला, म्हणून ध्यानात हाये."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं बोटांवर मोजलं. चोवीस सप्टेंबर, त्यात सात दिवस मिळवले की एक ऑक्टोबर, तिथून नऊ महिने पुढे. मग ड्रॉवरमधून पुठ्ठ्याची गोल चकती काढली. एकावर एक बसवलेल्या दोन चकत्या, वरचीला बाण. बाण चोवीस सप्टेंबरवर आणला आणि चाळीस आठवड्यांच्या रेघेखाली बोट टेकवलं. "एक जुलै. दोन्हीकडून बरोबर येतंय," ती म्हणाली आणि निळ्या पेनानं कार्डावर लिहून टाकलं.

मला वाटलं, बाप रे, इतकं सोपं असतं हे? सात दिवस आणि नऊ महिने! फक्त पहिला आकडा खरा लागतो. आणि आमचा पहिला आकडा साफ खोटा होता.

मला पाळी आली होती दहा सप्टेंबरला. त्या दिवशी आमच्या घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसायच्या होत्या.

महालक्ष्म्यांचं सोवळं आमच्या सासरी फार कडक. घरातली बाई बाहेर असली की तिनं मागच्या पडवीत चार दिवस काढायचे, चुलीला नाही शिवायचं, देवाकडे तर बघायचंही नाही. पुष्कळ बाया आधीच मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणून ठेवतात. मी आणल्या नव्हत्या, कारण माझ्या हिशेबानं अजून सहा दिवस बाकी होते. त्याच्या आदल्या वर्षी, लग्नानंतरच्या पहिल्याच महालक्ष्म्यांना, मी नेमकी बाहेर बसले होते आणि मग वर्षभर ऐकून घेतलं होतं. कोणी पाहुणी आली की सासूबाई सुरू, "आमची सून? तिले बरोबर देव्या येवाच्या दिवशीच मुहूर्त सापडते!"

आणि या वर्षी गोठ्यात पाय घसरून त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर लागलं होतं. चाळीस माणसांचं पुरण, सोळा भाज्या, आंबील, आणि करणारी मी एकटी. पहाटे मोरीत मला कळलं. पाच मिनिटं तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. मग डोक्यावरून पाणी घेतलं, कोरं लुगडं नेसले आणि सरळ चुलीपुढे जाऊन बसले. मी सडक अर्जुनीची, हायवेला लागून बापाचं टायरचं दुकान, ट्रकवाल्यांच्या शिव्या ऐकत वाढलेली. माहेरी आई पाळीच्या दुसऱ्या दिवशीच चुलीशी असायची. मला वाटलं, चार दिवस तोंडाला कुलूप लावायचं, झालं. देवीला काय चष्मा लागलाय? तिला दिसत असेल तर माझी अडचणही दिसेल.

तीन दिवस मी नैवेद्य दाखवला, ओटी भरली, सासूबाईंनी पहिल्यांदाच चारचौघींत माझं कौतुक केलं. "यंदा सुनेनं लाज राखली व माय!" मला ते कौतुक इतकं गोड लागलं की काय सांगू.

पण घरात सुनेचे दिवस सासूच्या डोक्यात पक्के असतात. आठ दिवस गेले, दहा दिवस गेले, त्यांची नजर माझ्यावर फिरायला लागली. म्हणून चोवीस तारखेला मी खोटंच सांगितलं आणि पडवीत जाऊन बसले. चार दिवस दिलेलं जेवले, वेगळ्या चटईवर झोपले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो ऑक्टोबरात धान कापायच्या मशीनवर छत्तीसगडकडे निघून गेला, आणि त्यानंतर मला पाळी आलीच नाही.

तर हे कार्डावरचं एक जुलै. खरा दिवस सतरा जून. चौदा दिवसांचा फरक फक्त माझ्या एकटीच्या पोटात होता.

सुरुवातीला मला हसूच यायचं. चौदा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? तिसऱ्या महिन्यात सिस्टरनं सोनोग्राफीला जायला सांगितलं. तेव्हा गावातली आशा कार्यकर्ती, आशाताई, गप्पांत म्हणाली, "सुरुवातीच्या फोटोत बाळाचं माप घेतात, त्यावरून दिवस अगदी पक्के कळतात." पक्के दिवस कळले तर? सासूबाई बाजूलाच उभ्या असणार. मी उलट्यांचं निमित्त केलं, मग गाडी लागते म्हणाले, मग नवरा घरी नाही म्हणाले. टाळता टाळता सहावा महिना उजाडला.

सहाव्या महिन्यात गेलोच. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर डोक्याचं माप घेतलं, मांडीच्या हाडाचं घेतलं, कार्ड पाहिलं, पुन्हा माप घेतलं. "बाळ दोन आठवड्यांनी मोठं दाखवतंय. आता उशीर झालाय, या दिवसांत मशीनचा अंदाज इतका इकडंतिकडं होतोच. तुमची तारीख नक्की आहे ना?"

सासूबाई पायाशी उभ्या होत्या. त्या खूश झाल्या होत्या, बाळ अंगानं भरलेलं म्हणून.

"नक्की," मी म्हणाले.

"मग पाळीचीच तारीख धरू या." आणि एक जुलै तसाच राहिला.

त्या दिवसापासून मात्र माझं हसू गेलं. कारण आता मी मशीनलाही खोटं पाडलं होतं.

सतरा जून उजाडला. शेतात रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकून झाले होते, घरात सगळ्यांचं लक्ष तिकडे. मी सकाळपासून कंबर धरून वाट पाहत होते. आज दुखेल, आज दुखेल. काही नाही. अठरा गेला. वीस गेला. मी मोबाइलवर वाचायला लागले आणि वाचायला नको होतं असं झालं. दिवस उलटून गेले की आतलं पाणी आटायला लागतं, वार थकते, बाळाला पुरेनासं होतं. वाचलं की मोबाइल उशीखाली ठेवायचा, दहा मिनिटांनी पुन्हा काढायचा. आशाताई दारावरून जाताना ओरडायची, "मजेत ना? अजून आठवडा हाये, आराम करा!" आणि मी मान हलवायची. सांग ना, सांग ना, असं मन म्हणायचं, आणि तोंड उघडलं की सासूबाई समोर दिसायच्या. विटाळात देवीला शिवलेली सून. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. शिवाय आता मला देवीचीही भीती वाटायला लागली होती. सप्टेंबरात चष्म्याचे विनोद करणारी मी, जूनमध्ये रोज कोनाड्यातल्या मुखवट्यांकडे बघून हात जोडत होते. माझ्यावर राग काढ, पोटातल्यावर नको, असं म्हणत होते. भीती माणसाला किती शहाणं करते, नाही तर किती येडं.

सत्तावीस तारखेला सकाळी बाळ हललं नाही.

मी गूळ खाल्ला. डाव्या कुशीवर पडले. पोटाला हात लावून मोजत राहिले. एक तास गेला, एकदा काहीतरी सरकल्यासारखं झालं, तेही मला वाटलं की खरंच झालं, देव जाणे. दुसरा तास गेला. मी सासूबाईंना एवढंच म्हणाले, "आई, पोरगं हलून नाही राहिलं." त्या हातातलं सूप टाकून उठल्या आणि शेजारच्याचा ऑटो घेऊन आल्या.

सिस्टरनं यंत्र पोटावर फिरवलं. किती वेळ नुसती खरखर. माझा जीव त्या खरखरीत अडकला होता. मग ठोके लागले. सासूबाईंनी मोठ्यानं श्वास सोडला. सिस्टरनं घड्याळाकडे बघत मोजले. "ठोके आहेत. थोडे संथ वाटतात, पण आहेत. तारखेला अजून चार दिवस आहेत. असं करा, जेवा, कुशीवर पडून पुन्हा मोजा. दुपारपर्यंत नाही हललं तर मी गोंदियाला पाठवते."

सासूबाईंनी पिशवी उचलली. "चाल मंग."

मी खाटेवरून उतरले नाही. घरी गेले तर दुपार होईल, मी मोजत बसेन, आणि मोजता मोजता ते थांबेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"तारीख चोवीस नाहीये," मी म्हणाले.

"काय नाई?" सासूबाई वळल्या.

"चोवीसला मी खोटंच बाहेर बसले होते. मला आधी आली होती. महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी."

बाहेर लसीकरणाला आलेली पोरं रडत होती. सासूबाईंचा चेहरा मी बघू शकले नाही, त्यांचे पाय बघत होते.

"काऊन नाई सांगतलं?" त्या ओरडल्या. "पुरण तू वाटलं! नैवेद्य तू देल्ला! काऊन नाई सांगतलं मले?"

"तुम्ही सांगू दिलं असतं?" मीही ओरडले. नऊ महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. "वर्षभर टोमणे मारले मला! चाळीस माणसं यायची होती, तुमचा हात मोडलेला, काय करू मी? सांगा ना, काय करू?"

"भांडण घरी करा," सिस्टर मध्येच म्हणाली. तिच्या हातात ती चकती होती. "मला आकडा सांगा."

"दहा. दहा सप्टेंबर."

तिनं बाण मागे सरकवला. बोटभरसुद्धा नाही, इतकासाच सरकला. मग तिनं आजच्या तारखेखाली पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "एक्केचाळीस आठवडे होऊन वर तीन दिवस," ती म्हणाली आणि गाडी बोलवायला धावली.

गोंदियापर्यंतचा रस्ता संपता संपेना. गाडी आमच्या सडक अर्जुनीवरून गेली. काचेतून मला बापाच्या दुकानातले टायर दिसले आणि रडू आलं. सासूबाई समोरच्या बाकावर होत्या. तासभर त्या मोडून बरं झालेलं मनगट दुसऱ्या हातानं दाबत राहिल्या. मी पोट धरून होते. मला वाटत होतं, ही बाई आता मला घरात घेणार नाही, आणि तेही चालेल, सगळं चालेल, फक्त आतून एकदा लाथ बसू दे.

ऑपरेशन झालं. आतलं पाणी जवळजवळ संपलं होतं, जे होतं ते हिरवं. मुलगी पहिल्यांदा रडलीच नाही. मी पडद्याच्या अलीकडे पडून ऐकत होते, आणि तेवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. मग एक बारीक, चिडलेलं कुंई झालं. तिची कातडी धुण्यात राहिलेल्या हातांसारखी सुरकुतलेली, जागोजागी सोलत होती. नखं बोटांच्या पुढे वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "हिची वेळ केव्हाच होऊन गेली होती. घरी थांबला असतात तर..."

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं केलं. शेक, मालिश, मेथीचे लाडू. पण माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही. मला आता दुसरीच धास्ती लागली. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा महालक्ष्म्या होत्या. त्या मला चारचौघींत काय बोलतील? पोरीला देवीपुढे आणू देतील का?

महालक्ष्म्या बसल्या. बाया जमल्या. आरती व्हायच्या आधी सासूबाई उठल्या, माझ्या मांडीवरून पोरीला उचललं आणि मुखवट्यांपुढे जाऊन बसल्या.

"देवी," त्या म्हणाल्या, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मागच्या वर्षी सुनेनं विटाळात तुहं सारं केलं. माह्या धाकानं केलन. माह्या धाकानं हे पोरगी जात होती. काही लावाचं असन तं मले लाव. इले नोको, अन् तिलेबी नोको."

पोरीला त्यांनी देवीच्या पायांशी टेकवलं. मग मागे न वळता मला म्हणाल्या, "आज काही नाई ना तुले?"

"नाही," मी म्हणाले.

"असन तरी सांगत जा," त्या म्हणाल्या. "मले सांगत जा."

मी हो म्हणाले, आणि सगळ्या बायांसमोर मोठ्यानं रडले.