नवीन पाहुण्यांना भेट

लखनौला आमची उपासना एका भाड्याच्या हॉलमध्ये व्हायची, अमौसीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. हे रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनियर, म्हणून आम्ही मानक नगरच्या कॉलनीत राहायचो. मी मूळची महाराष्ट्रातल्या नगरची. माहेरी रविवारी मंडळी इतकी भरायची की उशीर झाला तर दाराशी उभं राहावं लागे. इथे मागचे बाक रिकामेच असत. हिंदी गीतं मला पाठ झाली होती, पण गाताना माझाच आवाज मला ऐकू यायचा, इतकी माणसं कमी. मधूनमधून कोणाची तरी बदली व्हायची आणि आणखी एक बाक रिकामा पडायचा. एक दिवस हॉलच सोडावा लागला तर आपण जायचं कुठे, या विचाराने मला शनिवारपासूनच धास्ती वाटायची.

अशात नवीन पाळक आले. तरुण होते, भरभर बोलायचे. डिसेंबर लागला, नाताळ जवळ आला, तसे एका संध्याकाळी आमच्याकडे चहाला आले आणि म्हणाले, "भाईसाहब, इस बार बड़े दिन पर हर नए मेहमान को स्टील का डिब्बा देंगे. पर्चे छपवाएँगे."

हे मंडळीच्या कमिटीवर होते. कप खाली ठेवून म्हणाले, "लोग प्रभु के लिए आएँगे या डिब्बे के लिए?"

"किसी भी बहाने आएँ तो सही! आएँगे तभी तो सुनेंगे."

"और बाहरवाले क्या कहेंगे, सोचा है?"

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मला ह्यांचंही पटत होतं आणि त्यांचंही. त्या वर्षांत दंगलींमुळे शहरात कधी संचारबंदी लागेल याचा नेम नसायचा, आणि आमची मूठभर मंडळी कोणाच्या डोळ्यावर येऊ नये असं मलाही वाटायचं. तरी मी म्हटलं, "अहो, पण रिकाम्या बाकांचं काय करायचं?" पुढे कमिटीने पाळकांच्या बाजूने कौल दिला.

पत्रकं वाटायचं काम आम्हा बायकांकडे आलं. मी ती बाजारात वाटली. कॉलनीत मात्र एकही दिलं नाही. शेजारच्या भाभीला तर मुळीच नाही. आमच्या दोघींच्या गच्च्या लागून होत्या. हिवाळ्यात आम्ही उन्हात बसून मटार सोलायचो, विणायचो. तिला पत्रक दिलं तर तिला वाटेल, ही इतके दिवस यासाठीच गोड बोलत होती. तरीही ते तिच्यापर्यंत पोचलंच. सब्जीवाल्याने कोथिंबीर त्यातच बांधून दिली होती.

"भाभीजी, यह आप ही लोगों का है न?" कठड्यापाशी येऊन तिने विचारलं. "हमें तो बताया नहीं."

मी काहीतरी सारवासारव केली.

"वहाँ कुछ करना पड़ता है?"

"कुछ नहीं. बैठना, गीत सुनना, बस."

"तो फिर डिब्बा किसलिए?"

तिने खोचून नव्हतं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. मटाराच्या शेंगा तशाच टाकून मी खाली आले.

नाताळच्या सकाळी धुकं होतं. आम्ही पोचलो तेव्हा हॉलसमोर बायकांची दाटी झाली होती, कडेवर पोरं, डोक्यावरून शाली. भाभीही आली होती. एकटीच. तिने मला हात केला. आत सगळ्यांना जागा होईना. पाळकांचा उपदेश कोणाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही. उपासना संपायच्या आधीच डब्यांच्या टेबलाकडे रेटारेटी सुरू झाली आणि बघता बघता डबे संपले. मागे राहिलेल्या बायका चिडल्या. "पर्चे में तो लिखा था!" फाटकाशी काही माणसं जमली. त्यांतला एक मोठ्याने म्हणाला, "डिब्बा देकर धरम बदलवा रहे हैं!"

पाळकांचा चेहरा पांढरा पडला. हे बाहेर गेले. मी खिडकीचा गज घट्ट धरून बघत होते. हे हात जोडून बोलत होते, ती माणसं हातवारे करत होती. कोणी हात उगारला तर काय, एवढंच माझ्या मनात घोळत होतं. शेवटी एक म्हातारे गृहस्थ मध्ये पडले. त्यांनी सगळ्यांना सणाच्या दिवशी तमाशा नको म्हणून समजावलं आणि ती माणसं पांगली.

संध्याकाळी दाराची कडी वाजली. भाभीचे यजमान होते. त्यांनी भाभीला मिळालेला डबा टेबलावर ठेवला. "भाईसाहब, बुरा मत मानिएगा. हमारे घर में किसी चीज़ की कमी नहीं है."

हे म्हणाले, "गलती हमारी है." चहाला ते थांबले नाहीत.

त्यानंतर भाभी गच्चीवर येईनाशी झाली. तिच्या दाराचा आवाज आला की मी कान टवकारायचे. आपण कॉलनीत वाळीत पडलो की काय, याचा घोर मला जाता जाईना. थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी ती कठड्यापाशी उभी दिसली. "दो नंबर की सलाई है आपके पास?" तिने विचारलं. मी धावत जाऊन विणायच्या सुया आणल्या. बोलणं पुन्हा सुरू झालं, पण चर्चचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही.

त्या गर्दीतली एक बाई मात्र येत राहिली. कपडे इस्त्री करायची. पुढच्या रविवारी आली, त्याच्या पुढच्याही. मागच्या बाकावर बसून डोळे मिटून ऐकायची. पुढे ती आमच्याबरोबर गायलाही लागली. एकदा घरी जाताना मी म्हटलं, "पत्रक नसतं, तर ही आली असती का?"

"नसती," हे म्हणाले. "तरी मी मत बदलणार नाही."

पुढच्या नाताळला पत्रकं नव्हती. आम्ही घरून करंज्या नेल्या, आलेल्या सगळ्यांना सारख्याच वाटल्या. माणसं थोडीच आली. गाताना माझी नजर सारखी दाराकडे जात होती. कोणी नवीन येईल या आशेने की कोण येईल या धास्तीने, ते मला सांगता आलं नसतं.