टेलरमास्तरच्या डिस्कवरची सावली

आमच्या गल्लीतला टेलरमास्तर माझा शाळेपासूनचा दोस्त. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. मग तो शिलाईमशीनवर बसला आणि मी टपालखात्यात चिकटलो. गल्लीभराची मापं त्याला तोंडपाठ, पण स्वतःच्या सदऱ्याला कायम एक बटण कमी. ते लावणं वहिनींचं खातं होतं, आणि वहिनींना जाऊन नऊ वर्षं झाली.

मला हल्ली नवा नाद लागलाय. सूनबाईने कॉम्प्युटरवर एक फुकटचं सॉफ्टवेअर घालून दिलंय. जुन्या कॅसेटमधला व्हिडिओ त्यात घ्यायचा, नव्या टीव्हीला चालेल असा करायचा आणि ब्लू-रे डिस्कवर उतरवायचा. या वयात मला हे जमतंय म्हटल्यावर मी काय गप्प बसतोय! सगळ्यांना सांगत सुटलो. त्यातूनच मास्तर एक दिवस पिशवीत कॅसेट घेऊन आला.

"यात वहिनी आहेत?" मी विचारलं.

"कुठली! कॅमेरा कायम तिच्या हातात. माझ्याकडे दिला की मी सगळ्यांची मुंडकी उडवतो म्हणायची. स्वतः मात्र 'जरा सरका, अजून जरा सरका' करून जीव नको करायची." तो कॅसेटवरून अंगठा फिरवत राहिला. "पण शेवटी गच्चीवरचं आहे ना, तिथे ऊन तिच्या पाठीवर होतं. खाली तिची सावली पडलीय. तेवढी नीट येऊ दे. माझ्याकडचं कॅसेटचं मशीन बंद पडलंय रे, तीन वर्षं बघितली नाही."

मी लागलो कामाला. सॉफ्टवेअरने मध्येच विचारलं, चित्र पडदाभर करू का? कॅसेटचं चित्र चौकोनी, आजचा टीव्ही आडवा, म्हणजे दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणार. म्हटलं, दोस्ताच्या डिस्कला ठिगळं कशाला? टाकली 'हो'वर खूण.

डिस्क लावली. मास्तरच्या मिशा काळ्याभोर, गच्चीवर ऐटीत उभा! मी खूश. मास्तर मात्र खुर्चीच्या टोकाशी आला आणि तिथेच थांबला.

"सावली कुठाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पडदा भरायला त्या सॉफ्टवेअरने चित्र ताणलं होतं आणि वरचं-खालचं कापून टाकलं होतं.

"लेका, पँट आखूड झाली म्हणून गिऱ्हाइकाचे पाय कापलेस?" तो हसला खरा, पण गळ्यातली मापाची टेप बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. "मूळ चित्र पुसलंस का?"

"नाही रे."

"बघून सांग."

बघितलं. होतं. या खेपेला काळे पट्टे राहू दिले. टक्के मुंगीच्या पावलाने चढत होते आणि मास्तर स्टुलावर बसून ते मोजत होता. सूनबाईने ठेवलेल्या चहावर साय धरली.

दुसरी डिस्क लावली. मास्तर पुन्हा टीव्हीसमोरच्या खुर्चीत. गच्ची आली, ऊन आलं आणि चित्राच्या खालच्या कडेला लांबलचक सावली. एक कोपर बाहेर काढलेलं, कानाशी केस भुरभुरणारे.

मग सावलीचा दुसरा हात वर झाला. जरा सरका.

पडद्यावरचा मास्तर डावीकडे सरकला. खुर्चीतलाही सरकला.