सुरूखालची माती

माती तापल्या पत्र्यावर पडली तशी शांता म्हणाली, "आक्का, साहेब म्हणले व्हते, भाजू नका. तशीच मिसळा."

"साहेबाला आपली वाळवी माहीत हाय का? हलव," मी म्हणाले.

आष्टीकडं एका सहकारी संस्थेच्या नर्सरीत मी मुकादम होते, शांता माझ्या हाताखाली मजूर. शिक्षण चौथी. दुष्काळाची वर्षं होती. बांधावर वाऱ्याला आडोसा म्हणून सुरूच्या रोपांची ऑर्डर आली. सुरू हे समुद्रकाठचं झाड. बी कोकणातून आणलं, उगवलंही, पण रोपं वीतभर होऊन पिवळी पडली. मॅनेजर म्हणाले, "दिवाळीपर्यंत हिरवी झाली तर ठीक. नाहीतर नर्सरी बंद."

बंद म्हणजे शांतानं पुन्हा ऊसतोडीला जायचं. मोळी उचलताना तिची कंबर एकदा गेली होती. डॉक्टरनं ओझं बंद सांगितलं होतं.

शेतकी खात्याच्या साहेबांनी कोकणातल्या जुन्या सुरूंच्या बुडातली एक गोणी माती मागवून दिली. त्या मातीत बुरशी असते, म्हणाले. ती मुळांना धरून राहते, सुतासारखे धागे सोडते आणि मूळ पोचत नाही तिथलं पाणी आणि खत झाडाला आणून देते. झाड तिला साखर देतं. मला बुरशी म्हणजे रोप सडवणारी, एवढंच ठाऊक. बाहेरची माती भाजूनच घ्यायची, हा माझा नियम.

गोणी रिकामी झाल्यावर मी शांताला झापलं, "हितं झटकू नको. तिकडं कोपऱ्यात झटक, नीट."

कोपऱ्यात फुटक्या पिशव्यांतली रोपं टाकलेली होती. तिकडं कोणी बघत नसे.

भाजलेली माती रोपांच्या सगळ्या वाफ्यांवर घातली. रोपं पिवळीच राहिली. दिवाळी झाली. मॅनेजरनं कुलूप आणलं. शांता टोळीबरोबर गेली. "येते आक्का," म्हणाली.

आवराआवरीला मी एकटी उरले. कोपऱ्यातली अकरा रोपं हिरवीगार होती. एक उपटून पाहिलं. मुळांवर पांढरे धागे.

मॅनेजरला दाखवलं. ते म्हणाले, "आक्का, आता दाखवून काय करता?"

हंगाम संपायच्या आधीच शांताला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपवून आणली. ती पुन्हा सरळ उभी राहिली नाही. मी जाऊन तिला अकरा रोपांचं सांगितलं. सगळं सांगितलं. ती आढ्याकडं बघत होती.

"म्हंजी गोणी मी नीट झटकली व्हती," ती म्हणाली.

नव्या मुकादमांना मी एवढंच सांगते. बाहेरची माती आली की आणणाऱ्याला विचारा, भाजायची की नाही. त्यानं सांगितलं असेल, तर ऐका.